पांढरं पुसू नका: हाताने काढलेलं रेखाटन छपाईसाठी पारदर्शक कसं करायचं

गेल्या दोन गणपतींपासून एकच रडगाणं ऐकतोय. कोणीतरी इथल्या सुंदरनारायण मंदिराच्या शिखराचं नाहीतर जुन्या नाशकातल्या वाड्याच्या कोरीव खांबांचं झकास पेनवर्क करतं, मोबाईलने फोटो मारतं, बॅकग्राउंड उडवणाऱ्या कुठल्यातरी वेबसाइटवर टाकतं, पीएनजी (पारदर्शक भाग साठवता येणारी चित्रफाइल) मिळते, सगळे खूश, आणि छापून आलं की रेघांच्या कडेला पांढरट झालर, बारीक रेघा तुटलेल्या, काळा रंग धुतल्यासारखा करडा. मग प्रेसवाल्याला शिव्या. दहातल्या नऊ वेळा त्या बिचाऱ्याने काही केलेलं नसतं, फाइलच तशी गेलेली असते.

घोळ सुरू होतो तो "पांढरं काढून टाकायचंय" ह्या विचारातून. स्कॅन केलेली कुठलीही रेघ भरपूर झूम करून बघा, काळं संपून लगेच पांढरं सुरू होत नाही, मध्ये दोन-तीन करडे पिक्सेल असतात आणि त्यांच्यामुळेच रेघ डोळ्याला गुळगुळीत दिसते. तुम्ही मॅजिक वाँडने (एकसारखा रंग एका क्लिकमध्ये निवडणारं हत्यार) पांढरं निवडून डिलीट मारलं की हे करडे मागे राहतात, आणि कागदाचं पांढरं पोटात घेऊनच राहतात. गडद कापडावर ठेवलं की तीच झालर. त्यामुळे पांढऱ्याच्या मागे लागायचंच नाही, जिथे जितका काळेपणा तिथे तितकी अपारदर्शकता असं रूपांतर करायचं. ते कसं, हे पाचव्या टप्प्यात येतंय, पण आधीचे चार गाळून थेट तिथे उडी मारू नका, कारण घाणेरड्या स्कॅनवर ही पद्धत आणखी घाणेरडी दिसते.

१. पेन उचलायच्या आधी छापणाऱ्याला फोन

हो, सगळ्यात आधी. फाइल तयार झाल्यावर नाही. तीन गोष्टी विचारा: छपाई कुठल्या पद्धतीने, छापील आकार किती सेंटिमीटर, आणि फाइल कुठली लागेल. डीटीएफवाला (फिल्मवर छापून ते चित्र कापडावर उतरवणारा) पारदर्शक पीएनजी मागेल, स्क्रीन प्रिंटिंगवाल्याला पॉझिटिव्ह (ज्यावरून छपाईची जाळी बनते ती काळी फिल्म) काढायला निव्वळ काळं-पांढरं हवं असतं, आणि लग्नपत्रिका ऑफसेटला, म्हणजे प्लेटांवरून होणाऱ्या छपाईला, जाणार असेल तर पीएनजी तिथे जवळजवळ निरुपयोगी. एकच फाइल तिघांना पाठवली की तिघांपैकी दोघांकडे तरी बोंब होणार.

आकार कळला की हिशोब सोपा आहे. टी-शर्टच्या छातीवर २८ सेंटिमीटर रुंद चित्र हवंय म्हणजे साधारण ११ इंच, ३०० डीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) ३३०० पिक्सेल रुंदी झाली. तुमचं मूळ चित्र १४ सेंटिमीटरचं असेल तर ६०० डीपीआयला स्कॅन केल्यावर बरोबर तेवढेच पिक्सेल मिळतात. कागदावर छापायचं असेल तर रेघांच्या कामाला ३०० कमी पडतं, ते फोटोसाठी ठीक आहे, रेघेला छापील आकारात निदान ६०० आणि निव्वळ काळं-पांढरं असेल तर १२०० धरा.

इशारा: चित्र मोठं काढून छापताना लहान करणं चांगलंच, हाताची थरथर लपते, पण रेघसुद्धा त्याच प्रमाणात बारीक होते हे विसरतात. ०.३ मिलिमीटरच्या पेनची रेघ चित्र अर्धं केलं की ०.१५ होते, आणि कापडावर स्क्रीनने एवढी बारीक रेघ धड उतरत नाही. कापडासाठी छापील रेघ ०.३ च्या वर ठेवा.

२. कागद आणि शाई

थोडक्यात सांगतो. गुळगुळीत पांढरा कागद घ्या, आयव्हरी शीट किंवा जाड बाँड. खडबडीत कार्ट्रिज पेपरवर रेघेची कड फाटते, आणि स्कॅनर प्रत्येक खड्ड्याची सावली टिपतो. शाई पिगमेंटची, वॉटरप्रूफ, मॅट. जेल पेन टाळा कारण ते चमकतं आणि स्कॅनमध्ये रेघेच्या मधोमध पांढरट पट्टा येतो, बॉलपेन तर नकोच, ते निळसर-जांभळट दिसतं आणि मध्येच सुटतं. व्हाइटनरचा थर उंच असतो, स्कॅनरच्या उजेडात त्याची सावली पडते, चूक झाली तर तशीच सोडा, ती कॉम्प्युटरवर अर्ध्या मिनिटात जाते.

पेन्सिल खोडायची घाई करू नका. शाई कोरडी दिसते पण आतून ओली असते, आणि आषाढ-श्रावणात आपल्याकडची हवा दमट असते तेव्हा मी सरळ रात्रभर ठेवतो. खोडरबर जोरात घासलं की शाईचा वरचा थरही निघतो आणि काळी रेघ करडी होते, म्हणून हलक्या हाताने.

कच्चं रेखाटन फिक्या निळ्या रंगीत पेन्सिलीने केलं तर खोडायची कटकटच नाही, त्याची गंमत तिसऱ्या टप्प्यात.

३. स्कॅन, म्हणजे ऐंशी टक्के काम

इथे वेळ द्या. पुढे जो त्रास होतो तो बहुतेक इथला असतो.

आधी काच पुसा. कोरडं मायक्रोफायबर कापड, डाग असेल तर लिक्विड कापडावर मारा, काचेवर नको, काचेच्या कडेने ते आत उतरतं. कागद पावसाळ्यात कमानीसारखा वाकला असेल तर दोन जाड पुस्तकांखाली एक दिवस दाबा, स्कॅन करतानाही झाकणावर एखादा दिवाळी अंकांचा गठ्ठा ठेवा, कागद काचेपासून दोन मिलिमीटर उचलला गेला तरी तेवढ्या भागात रेघ मऊ होते. कागद पातळ असेल किंवा मागच्या बाजूला काही काढलेलं असेल तर मागे काळा कार्डशीट लावा, मागचं चित्र पुढे डोकावणार नाही, कागद थोडा करडा दिसेल पण तो करडेपणा चौथ्या टप्प्यात जातो.

सेटिंग असं:
डीपीआय ६००, छोटं चित्र मोठं छापायचं असेल तर १२००.
मोड ग्रेस्केल (मधल्या करड्या छटा ठेवणारा). "टेक्स्ट" किंवा "ब्लॅक अँड व्हाइट" नाही.
शार्पन, डस्ट रिमूव्हल, ऑटो कलर, ऑटो कॉन्ट्रास्ट, सगळं बंद.
सेव्ह टिफ किंवा पीएनजी. जेपीजी नाही, पीडीएफ पण नाही.

ब्लॅक अँड व्हाइट का नको, कारण कुठला पिक्सेल काळा आणि कुठला पांढरा हा निर्णय स्कॅनर घेतो, आणि तो एकदा घेतला की करडे पिक्सेल कायमचे गेले, बारीक रेघ तुटली ती तुटली. तो निर्णय आपण शेवटी घ्यायचा. आणि जेपीजी का नको तर ती प्रत्येक रेघेभोवती मच्छरांसारखी बारीक घाण सोडते, पांढऱ्या कागदावर दिसत नाही, पारदर्शक केलं की सगळी वर येते.

निळी पेन्सिल वापरली असेल तर मात्र ग्रेस्केल नाही, कलर स्कॅन करा आणि नंतर चॅनल (रंगीत चित्राचे लाल, हिरवा, निळा असे तीन भाग) वेगळे करून फक्त ब्लू चॅनल ठेवा. निळी रेघ त्या चॅनलमध्ये कागदाइतकीच उजळ असते म्हणून दिसेनाशी होते, काळी शाई तशीच काळी राहते. आजोबांच्या वहीतलं पिवळं पडलेलं चित्र असेल तर उलटं, रेड चॅनल घ्या, पिवळेपणा त्यात जवळजवळ पांढरा होतो. आणि सुरगाणा-पेठकडून कोणी गेरूवर पांढऱ्या रंगाने काढलेली वारली आणली तर पुन्हा ब्लू चॅनल, गेरू त्यात सगळ्यात गडद दिसतो आणि पांढरं उठून येतं, मग इन्व्हर्ट केलं की पांढऱ्यावर काळं हातात, पुढची रीत सगळी तीच. जिंप ह्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये हे कलर्स मेनूतल्या कंपोनंट्समध्ये डीकंपोझ म्हणून आहे, फोटोशॉप आणि ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फोटोपीत चॅनल्सचं पॅनेल उघडा की झालं.

ए-थ्री चित्र घरच्या ए-फोर स्कॅनरवर दोन तुकड्यांत करता येतं, फक्त दोन्हींमध्ये तीन-चार सेंटिमीटर भाग सामाईक ठेवा. झेरॉक्सवाल्याकडे ए-थ्री मशीन असतं, पण ती मशीनं मूळ सेटिंगला २०० नाहीतर ३०० डीपीआयची दाबलेली पीडीएफ देतात, त्यामुळे "६०० डीपीआय, ग्रेस्केल, टिफ" हे चिठ्ठीवर लिहून द्या, तोंडी सांगितलं की तो मान डोलावतो आणि हिरवं बटण दाबतो.

स्कॅनर नाहीच मिळाला तर मोबाईल, पण मर्यादा ओळखून. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० असतो, त्यात ए-फोर कागद काठोकाठ बसवला तरी ३४० डीपीआयच्या फारसं वर जात नाही. स्टिकरला चालेल, मोठं करायला नाही. खिडकीजवळ, उन्हाची तिरीप नाही अशा जागी, कागद भिंतीला चिकटवून, थोडं लांबून दुप्पट झूमवर काढा, जवळून काढलं की कडा फुगतात. स्कॅनर ॲपमधला तो जादूचा फिल्टर बंद, तो रेघा जाड करतो आणि कडा कुरतडतो.

थांबा, तपासा: फाइल उघडून १०० टक्क्यांवर बघा. ए-फोर ६०० डीपीआयला ४९६० बाय ७०१६ पिक्सेल असायला हवा. ८२७ बाय ११६९ दिसत असेल तर तुमचं स्कॅन १०० डीपीआयचं झालंय, पुन्हा करा. त्याला फोटोशॉपमध्ये ६०० लिहून काहीही होत नाही, दूध पाणी घालून वाढतं तसं ते वाढतं.

कागद तिरका बसला असेल तर फिरवत बसू नका, पुन्हा स्कॅन करा, फिरवल्याने रेघेची कड थोडी पसरतेच.

४. लेव्हल्स आणि सफाई

मूळ स्कॅनची कॉपी करा आणि कॉपीवरच काम करा. मग लेव्हल्स उघडा, म्हणजे चित्रात काळं कुठून आणि पांढरं कुठून धरायचं हे ठरवणारी खिडकी. आलेखात उजवीकडे मोठा डोंगर दिसेल तो कागद, डावीकडे छोटी टेकडी ती शाई, मधलं पठार म्हणजे रेघांच्या कडा. पांढरा बाण डोंगराच्या डाव्या पायथ्याशी आणा, काळा बाण टेकडीच्या उजव्या पायथ्याशी. माझ्याकडे साधारण काळा ५० आणि पांढरा २०० च्या आसपास येतो, तुमचा कागद-शाई वेगळी म्हणून आकडे वेगळे, डोंगर बघून ठरवा.

इशारा: दोन्ही बाण एकमेकांना चिकटेपर्यंत ओढू नका. स्क्रीनवर ते लई धारदार वाटतं, प्रत्यक्षात मधले करडे मारून तुम्ही रेघेला करवतीचे दात काढलेले असतात. ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टच्या पट्ट्या पण नकोत, त्यात शाई आणि कागद दोन्ही एकदम हलतात.

आता सफाई. पांढऱ्या ब्रशने धूळ, केस, पेन्सिलीचे उरलेले डाग पुसा. पांढऱ्यावर फिकी घाण डोळ्याला दिसत नाही म्हणून एक युक्ती: वर एक लेव्हल्सचा तात्पुरता थर टाकून काळा बाण अगदी उजवीकडे न्या, पुसायची राहिलेली प्रत्येक कणी काळी ठिक्कर पडून उघडी होते. खालच्या थरावर पुसून घ्या, तात्पुरता थर डिलीट करा. जिंपच्या जुन्या आवृत्तीत असा थर नसतो, तिथे कॉपीवर हे करून बघा आणि घाण कुठे आहे ते लक्षात ठेवा. कंटाळवाणं काम आहे, गाणी लावा.

५. काळेपणाची पारदर्शकता करणं

दोन रस्ते, निकाल एकच.

जिंपमध्ये: इमेज मेनूतून मोड आरजीबी (रंगीत) करा. लेयरला अल्फा चॅनल (पारदर्शकता साठवणारा चॅनल) जोडा. कलर्स मेनूत कलर टू अल्फा, रंग पांढरा, ओके. झालं. आता लेयर पॅनेलमध्ये अल्फा लॉक करा आणि संपूर्ण लेयर शुद्ध काळ्याने भरा, म्हणजे करड्यात कुठे कागदाचा रंग अडकला असेल तर तोही जातो. क्रिटा ह्या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्येही फिल्टर्समध्ये कलर टू अल्फा आहे.

फोटोशॉप किंवा फोटोपीमध्ये: चॅनल्स पॅनेलमध्ये वरच्या चॅनलच्या छोट्या चित्रावर कंट्रोल धरून क्लिक करा. उजळ भाग निवडला जातो. सिलेक्शन इन्व्हर्स करा. नवा रिकामा लेयर घ्या, त्यात शुद्ध काळा भरा, सिलेक्शन सोडा, जुना लेयर बंद करा. निवडीभोवती हलणारी मुंग्यांची रेघ विचित्र ठिकाणी दिसते आणि लोक घाबरतात, ती फक्त अर्ध्याहून जास्त निवडलेला भाग दाखवते, बाकी अर्धवट निवड आत असतेच.

ह्यात क्रम मोडायचा नाही. लेव्हल्स आधी, पारदर्शकता नंतर. उलटं केलं तर कागदाचा करडेपणासुद्धा अर्धपारदर्शक काळा होऊन सगळ्या चित्रावर धुरासारखा पसरतो.

थांबा, तपासा: खाली एक भडक केशरी लेयर टाका, मग तो गडद निळा करा, मग पांढरा. केशरीवर धूर आणि धूळ दिसते, गडद निळ्यावर पांढरी झालर दिसली असती ती आता दिसायला नको. दिसत असेल तर काळा भरायचा राहिलाय. बघून झालं की हा लेयर बंद करा, चालू ठेवून एक्स्पोर्ट करणारे मी पाहिलेत, आणि एकदा तो मीच होतो.

पांढऱ्या शाईत हवं असेल, समजा काळ्या टी-शर्टवर, तर अल्फा लॉक करून काळ्याऐवजी पांढरा भरा. चेहऱ्यांचं चित्र असेल तर जरा थांबून बघा हं, काळ्या कापडावर पांढऱ्या रेघांचा चेहरा निगेटिव्हसारखा भुताटकी दिसतो, अशा वेळी चेहऱ्याच्या आत पांढरा रंग भरून त्यावर काळ्या रेघा ठेवाव्या लागतात.

६. छपाई बघून कड ठरवणं

आता पहिल्या टप्प्यातला फोन कामाला येतो, कारण इथून तीन वाटा फुटतात.

डीटीएफ आणि गडद कापड. ह्या छपाईत रंगाखाली पांढऱ्या शाईचा थर जातो. मशीनला अर्धपारदर्शक पिक्सेल दिसला की त्याच्याखालीही पांढरं पडतं, आणि मऊ कडेभोवती दुधट किनार येते. मी एका ढोल पथकाचे ४० टी-शर्ट असे घालवलेत, फाइल स्क्रीनवर इतकी सुंदर दिसत होती की सॅम्पल काढलंच नाही, आणि मिरवणुकीत पोरं घामाने भिजल्यावर ती किनार आणखीनच उठून दिसली, मी मेन रोडला गर्दीत तोंड लपवून उभा. तेव्हापासून डीटीएफसाठी आकार पक्का केला की शेवटी जिंपमध्ये लेयर मेनू, ट्रान्सपरन्सी, थ्रेशोल्ड अल्फा, अर्ध्यावर ठेवून, म्हणजे प्रत्येक पिक्सेल एकतर पूर्ण भरलेला नाहीतर पूर्ण पारदर्शक. कड कडक होते, पण ६०० डीपीआयवर केलं तर दात डोळ्याला दिसत नाहीत. ३०० वर करू नका, फाइल तेवढीच असेल तर आधी ६०० ला वाढवा.

स्क्रीन प्रिंटिंग. पॉझिटिव्ह नेहमी काळंच असतं, शाई कुठलीही असो, त्यामुळे पांढरी किंवा केशरी फाइल देऊ नका. इथे पारदर्शकतेचीही गरज नाही, चौथ्या टप्प्यातली ग्रेस्केल फाइल छापील आकारात १२०० डीपीआयला वाढवा आणि मग थ्रेशोल्ड मारून वन-बिट टिफ करा, म्हणजे करडं अजिबात नाही, फक्त काळं आणि पांढरं. आधी वाढवून मग थ्रेशोल्ड, ह्या क्रमात करड्या पिक्सेलमधली माहिती वापरली जाते आणि कड गुळगुळीत येते, उलट्या क्रमात फक्त दात मोठे होतात.

ऑफसेट, म्हणजे पत्रिका, पुस्तकं, भेटकार्डं. आरजीबीतला काळा छपाईत गेला की तो चार शाया मिसळून तयार होतो. चार प्लेटा केसभर जरी सरकल्या तरी बारीक रेघेला निळी-गुलाबी सावली येते. तुमचा काळा फक्त काळ्या प्लेटवर जायला हवा, म्हणून इथेही वन-बिट किंवा ग्रेस्केल टिफ. पीएनजीत सीएमवायके (ह्या चार शायांचा रंगप्रकार) बसतच नाही. प्रेसवाले बहुतेक कोरलड्रॉ ह्या सॉफ्टवेअरवर काम करतात, त्यांना वन-बिट फाइल दिली की ते पॅलेटवरच्या काट मारलेल्या चौकोनावर लेफ्ट क्लिक करतात आणि पांढरं आपोआप पारदर्शक होतं, रंगावर राइट क्लिक केलं की रेघेचा रंग बदलतो. सिंहस्थाच्या कामांची गर्दी सुरू झाली की कोणाकडे तुमची फाइल दुरुस्त करायला वेळ नसणार, तेव्हा हे आत्ताच शिकून घ्या. (खिशातली नोट भिंगाखाली धरून बघा एकदा, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये असल्या रेघा छापतात, आपल्याला त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढं जमलं तरी पुष्कळ.)

७. व्हेक्टर करायचं का

व्हेक्टर म्हणजे पिक्सेलऐवजी वळणांच्या रेषांनी साठवलेलं चित्र, कितीही मोठं केलं तरी कड फाटत नाही. सगळ्यांनाच करायचं नसतं. रबरी शिक्का, विनाइल कटिंग, लेझर कटिंग, किंवा भिंतीएवढा बॅनर असेल तर करा. इंकस्केप ह्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये पाथ मेनूत ट्रेस बिटमॅप, ब्राइटनेस कटऑफ, चौथ्या टप्प्यातली ग्रेस्केल फाइल द्या. स्पेकल्स (किती लहान ठिपके वगळायचे ते) वाढवलं की धूळ गळते पण पैठणीच्या मोराच्या पिसावरचे तुमचे मुद्दाम काढलेले ठिपकेही गळतात, म्हणून मोजून बघा. ब्रशचे कोरडे फटकारे असलेलं काम असेल तर व्हेक्टर नकोच, जिवंत रेघ प्लास्टिकची होते.

८. सॅम्पल आणि पाठवणी

लेझर प्रिंटरवर छापील आकारात, स्केल १०० टक्के ठेवून, "फिट टू पेज" बंद करून एक प्रिंट काढा. पट्टीने मोजा. हाताच्या अंतरावर धरून बघा, मग जवळून. जिथे दोन रेघांमधली फट बुजलीय तिथे कापडावर ती नक्की बुजणार, मूळ फाइलमध्ये जाऊन ती फट मोकळी करा. कितीही ओळखीचा छापणारा असला तरी एक नग आधी काढून मागा, त्याचे वेगळे पैसे द्यावे लागले तरी द्या.

फाइलच्या नावात आकार आणि पद्धत लिहा, "वाडा_२८सेमी_डीटीएफ" असं काहीतरी, "फायनल_नवीन_२" नको. मूळ स्कॅन, साफ केलेली ग्रेस्केल आणि पाठवलेली फाइल तिन्ही वेगळ्या जपा, सहा महिन्यांनी कोणीतरी "तेच चित्र मगवर पाहिजे" म्हणतंच.

व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून, फोटो म्हणून नाही, फोटो म्हणून गेली की ती जेपीजी होते, पारदर्शकता जाते आणि पिक्सेलही कापले जातात. आणि फाइलसोबत एक ओळ टाका की "रेघा काळ्या आहेत, बॅकग्राउंड पारदर्शक आहे, मोबाईलमध्ये उघडू नका." नाहीतर समोरचा डार्क मोडमध्ये उघडतो, काळ्यावर काळं बघतो, आणि रात्री साडेदहाला फोन येतो, "दादा, फाइल पूर्ण काळी आलीय, परत पाठवा."